कनेक्ट दाबलं तर लागेल का? वाळपईच्या माळ्यावरचा लिनक्स आणि बाबांचा मोडेम

चैती_सत्तरी | रविवार, रात्री ९:४०

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी आलेय, गोव्यात वाळपईला. माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं टांगायच्या चौकटीची, लाकडं काढायला दादा माळ्यावर चढला आणि लाकडांच्या आधी खाली आला तो आमचा जुना डेस्कटॉप, गोधडीत गुंडाळलेला. सोबत फोनच्या तारेवरून इंटरनेट लावायचा मोडेम, त्याचा अडॅप्टर, मागे पंचवीस पिनांची जाड केबल आणि बाबांची लांबट वही. पुसून वायर लावली तर चक्क सुरू झाला. आई चुलीवरचं सोडून बघायला आली आणि म्हणाली, "तें अजून जिवें आसा?"

त्यावर रेड हॅट ७.३ आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, केडीई डेस्कटॉप. बाबा शाळेत गणित शिकवायचे. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीड्या यायच्या, त्यातून त्यांना हा नाद लागला. या सीड्या मात्र फोंड्याच्या एका मित्राने राइट करून दिलेल्या.

वही म्हणजे इंटरनेटचा हिशेब. रकाने आखलेत: तारीख, लागले, सुटले, मिनिटे, पल्स, कारण. कारणाच्या रकान्यात "निकाल", "चैतीचा हट्ट", "पुण्याला पत्र", आणि एका रात्री ५२ मिनिटांसमोर "काही नाही".

मेनूत केपीपीपी सापडलं, मोडेमने नंबर फिरवून इंटरनेट जोडायचा प्रोग्राम. ते उघडायला गेलं की रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुख्य मालकाचा, पासवर्ड मागतं. बाबांना विचारलं. म्हणाले, "तेव्हा तू लहान होतीस म्हणून सांगितला नाही, आता मलाच आठवत नाही."

मला हा एकदा तरी खरोखर डायल करताना बघायचाय. अकरा वर्षांच्या भाच्याला इंटरनेटला आवाज असायचा हे पटतच नाही. काय करता येईल?

डिचोलीकर | रविवार, रात्री ९:५५

तोंडाने काढून दाखव. पीईईई कर्र्र खर्र्र ट्यँव ट्यँव. आमच्या वर्गात एक जण इतका हुबेहूब काढायचा की मास्तर फोनकडे बघायचे.

बीएसडीवाला_मडगाव | रविवार, रात्री १०:२०

पासवर्डचं सोपं आहे. सुरू होताना ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारा, मेनू येईल. कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) ओळीवर जाऊन शेवटी फक्त सिंगल हा शब्द जोडा आणि बूट करा. त्या काळच्या रेड हॅटमध्ये थेट रूटचा प्रॉम्प्ट मिळतो, पासवर्ड न विचारता. तिथे नवा पासवर्ड ठेवा. ज्याच्या हातात कीबोर्ड, त्याचं यंत्र, असा तो जमाना होता.

एक दुरुस्ती, कारण तुम्ही दुसऱ्या एका धाग्यात याला युनिक्स म्हटलंय. लिनक्स हा युनिक्सच्या घराण्यात वाढलेला, पण त्या रक्ताचा नव्हे. बीएसडी ही दुसरी सिस्टीम मात्र रक्ताची. माझ्या फ्रीबीएसडीवर डायल करायला पीपीपी नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता, तो कर्नलच्या बाहेर चालायचा. लिनक्सवाल्यांचा तसाच प्रोग्राम पीपीपीडी मात्र पॅकेटांचं काम कर्नलवर सोपवतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच.

डिचोलीकर | रविवार, रात्री १०:२४

आला, सोयर-सुतक सांगणारा आला.

तारवाला | सोमवार, सकाळी ६:१०

चैती बाय, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालोय. आधी मोडेमचं सांग. तो पेटीच्या आत आहे की बाहेर? दिवे किती? वीज दिल्यावर कुठले लागतात?

केपीपीपीचं कनेक्ट बटण म्हणजे दुकानाची पाटी. आत चार माणसं कामाला असतात. पहिला तार बघतो: डायल टोन आहे की नाही. दुसरा मोडेमशी बोलतो, नंबर फिरवतो. तिसरा पीपीपीडी, तो पलीकडच्या यंत्राला नाव आणि पासवर्ड देऊन पत्ता मागून घेतो. चौथा रस्ता दाखवतो, म्हणजे पाकिटांची वाट आणि डीएनएस, साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा. पाटीवर "लागत नाही" एवढंच दिसतं. चौघांतला कोण झोपलाय ते शोधायचं असतं.

चैती_सत्तरी | सोमवार, दुपारी १:३०

सिंगल चाललं! बीएसडीवाले, आभार. बाबांनी नवा पासवर्ड स्वतः टाकला आणि मला पाठ फिरवायला लावली.

काका, मोडेम दोन आहेत. एक आत पीसीआय कार्डावर, पण बाबा म्हणाले, "तो शोभेचा." बाहेरच्यावर लाल दिव्यांची रांग आहे, त्यातले एमआर आणि टीआर लागलेत. केपीपीपीच्या सेटअपमध्ये डिव्हाइस टीटीवायएस०, म्हणजे पहिला सीरियल पोर्ट, होता. क्वेरी मोडेम दाबलं तर ओळीने उत्तरं आली. म्हणजे दुसरा माणूस जागा आहे ना?

अजून एक. सेटिंगमध्ये आवाजाची पट्टी शून्यावर होती. बाबांना विचारलं तर आईकडे बघून म्हणाले, "रात्री साडेअकराला कोण ऐकून घेणार?" म्हणजे आमच्या घरात तो आवाज नव्हताच. मला आठवतो तो बहुतेक शेजारच्यांचा.

पेडण्याचा_पोर | सोमवार, दुपारी २:०५

शोभेचा म्हणजे विनमोडेम. त्यावर चिप नावालाच असायची, सिग्नलचं सगळं गणित मुख्य प्रोसेसरने करायचं आणि ते करणारा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी. लिनक्सवाल्यांनी ल्यूसेंटच्या चिपसाठी एलटीमोडेम, स्मार्टलिंकसाठी एसएलमोडेम अशी ड्रायव्हरं चालवून बघितली, पण प्रत्येक कर्नलला नव्याने जुळवा. माझ्या चुलत्याने कॉलेज संपेपर्यंत तेच केलं. दर वेळी "आज होतंय" म्हणायचा.

बाहेरचा, सीरियल पोर्टचा मोडेम महाग पडायचा पण स्वतःचं डोकं घेऊन यायचा. त्याला एटीझेड (नव्याने सुरुवात कर) म्हटलं की तो ओके म्हणणार, मग यंत्र लिनक्सचं असो की आणखी कशाचं. तुझ्या बाबांनी बरोबर पैसे घातले.

माशेलकरीण | सोमवार, दुपारी ३:४५

आमच्याकडे दोन मोडेम जळले, दोन्ही जून महिन्यात. वीज दूर डोंगरावर पडायची आणि फोनच्या तारेतून घरात यायची. संगणकाचा प्लग काढलेला, सगळे निर्धास्त, आणि फोनची पिन तशीच भिंतीत. दुसऱ्या वेळी मोडेमबरोबर मदरबोर्डही गेला.

आणि समांतर फोन! सासूबाई स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलायच्या, "ह्यांत कोण तरी किंचाळता" म्हणायच्या आणि ठेवायच्या. माझं डाउनलोड तिथेच खलास.

चैती_सत्तरी | सोमवार, रात्री ८:१५

माशेलकरीण ताई, बाबांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलंय: "गडगडले की आधी फोनची पिन, मग वीज." पिन शब्दाखाली दोन रेघा.

आता मोठी अडचण. डायल कुठे करू? केपीपीपीत जुना नंबर आहे, १७२ ने सुरू होणारा. पण आमचा लँडलाइन कधीच परत केलाय. आता घरात फायबर.

डिचोलीकर | सोमवार, रात्री ८:२०

मोबाइल स्पीकरवर ठेव आणि मोडेमच्या कानाला लाव.

तारवाला | सोमवार, रात्री ९:००

ते होणार नाही. मोबाइल माणसाचा आवाज दाबून-चेपून पाठवतो, मोडेमची भाषा त्यात चिरडून जाते.

बाहेरच्या लाइनची गरजच नाही. एक इंटरकॉम मिळव. किनाऱ्यावरच्या गेस्ट हाऊसांत खोल्याखोल्यांतून फोन असत, त्यामागे छोटं ईपीएबीएक्स असे. हल्ली पाहुणे व्हॉट्सॲपवर टॉवेल मागतात, पेट्या पडून आहेत. ती पेटी म्हणजे घरातलं एक्सचेंज. तारेत वीज देते, डायल टोन देते, घंटी वाजवते. २१ वरून २३ फिरव, २३ वाजेल. एका टोकाला बाबांचा मोडेम, दुसऱ्या टोकाला फोन उचलणारा दुसरा मोडेम. त्याच्यामागे लॅपटॉप, आणि लॅपटॉपला तुमचं फायबर. तूच कंपनी, तूच गिऱ्हाईक.

मी नोकरीला लागलो तेव्हा गावोगाव सी-डॉटची १२८ पोर्टांची एक्सचेंजं बसत होती, धूळ आणि उकाडा सहन करणारी, एसी नको. त्यांच्यापुढे ही पेटी म्हणजे खेळणं, पण तत्त्व तेच.

बीएसडीवाला_मडगाव | सोमवार, रात्री ९:३५

उत्तम सुचवलंत काका. लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाका, यूएसबी फॅक्स मोडेम लावा, तो टीटीवायएसीएम० म्हणून दिसेल. त्यावर एमगेटी बसवा. तो घंटी वाजली की फोन उचलतो, आणि पलीकडून पीपीपी बोलणारं कोणी आहे असं दिसलं तर लाइन पीपीपीडीच्या हाती देतो. त्यासाठी लॉगिन कॉन्फिगमधली ऑटोपीपीपीची ओळ उघडायची. नाव-पासवर्ड पीएपी-सीक्रेट्स या फाइलीत.

वेगाची अपेक्षा आधीच सांगतो. मोडेमवर ५६ के छापलेलं असलं तरी इथे ३३.६ च्या वर जाणार नाही. १९९८ च्या व्ही.९० मध्ये ५६ मिळायचं ते कंपनीचं टोक थेट डिजिटल असल्यामुळे. आवाजाचं आकड्यांत रूपांतर एकदाच, तेही तुमच्या बाजूला. तुमच्याकडे दोन्ही टोकं ॲनालॉग. ३३.६ ला एक एमबी उतरायला चार मिनिटांच्या वर लागतील.

चैती_सत्तरी | बुधवार, रात्री १०:५०

मांद्र्याच्या मावसभावाच्या गेस्ट हाऊसमधून पेटी आणली. त्याने वर चार फोनही दिले, "घेऊन जा, जागा रिकामी होईल" म्हणून. आता स्वयंपाकघर २४ आहे. आईने पडवीतल्या बाबांना फोन करून विचारलं, "च्या घेतले?" अंतर बारा पावलं.

यूएसबी मोडेम पणजीतून मिळाला. एमगेटी दीड तासात उभं राहिलं. मग बाबांच्या यंत्रावर नंबर २३ लिहिला, आवाजाची पट्टी वर सरकवली, भाच्याला खुर्चीत बसवलं आणि कनेक्ट दाबलं.

नो डायलटोन.

रिसीव्हर लावून ऐकलं तर टोन स्वच्छ येतोय. हे काय?

तारवाला | गुरुवार, सकाळी ५:५०

टोन तुला येतो, मोडेमला ओळखीचा नाही. आपल्या एक्सचेंजची डायल टोन ४०० हर्ट्झची, घरघर असलेली. अमेरिकेतली ३५० आणि ४४० ची जोडी. मोडेम तिकडच्या कानाचा. त्यात पेटीची स्वतःची टोन तिसरीच.

मोडेमच्या कमांडच्या पानावर इनिशियलायझेशन स्ट्रिंग दिसेल. तिथे एटीएक्स३ लिही. म्हणजे टोनची वाट न बघता नंबर फिरव. आम्ही लोकांच्या घरी फोनवरून हीच एक ओळ सांगून किती फेऱ्या वाचवल्या.

चैती_सत्तरी | गुरुवार, सकाळी ९:२०

लागला!!!

म्हणजे पूर्ण नाही, पण आवाज आला. दोन आकडे टिंग टिंग, पलीकडे घंटी, मग एक लांब सरळ शिट्टी, आणि त्यानंतर ते सगळं खरखरणं. भाचा खुर्चीतून उठून मोडेमजवळ कान घेऊन गेला. त्याने विचारलं, "हा दुखतो तेव्हाचा आवाज आहे का?"

मग अचानक शांत झालं, मोडेमवरचा सीडीचा, म्हणजे पलीकडचा मोडेम भेटल्याचा, दिवा लागला, कनेक्ट २८८०० आलं. त्यापुढे "लॉगिंग ऑन टू नेटवर्क", आणि दहा सेकंदांत खिडकी आली: पीपीपीडी अनपेक्षितपणे मेला. तीनदा केलं, तीनदा मेला.

डिचोलीकर | गुरुवार, सकाळी ९:३२

चवथीच्या दिवसांत तीन मयतं. सोवळं पाळा.

बीएसडीवाला_मडगाव | गुरुवार, सकाळी १०:०५

शिट्टीबद्दल: ती २१०० हर्ट्झची. उत्तर देणारा मोडेम ती वाजवून लाइनीवरच्या प्रतिध्वनी रोखणाऱ्या यंत्रणेला गप्प करतो. खरखर म्हणजे दोघांनी तार तपासणं आणि वेग ठरवणं. जोडणी झाल्यावर स्पीकर बंद होतो म्हणून शांतता, बोलणं चालूच असतं.

आता मृत्यूचं कारण. पीपीपीडी मरताना आकडा सोडतो. लॉगच्या शेवटी बघा. १६ असेल तर मोडेमने लाइन तोडली. १९ असेल तर पलीकडच्याने तुमची ओळख मान्य केली नाही. शिवाय /ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स या फाइलीत लॉक हा शब्द आहे का तेही बघा. पोर्टला कुलूप केपीपीपी स्वतः लावतं, पीपीपीडीने पुन्हा लावायला गेलं की भांडण.

चैती_सत्तरी | गुरुवार, दुपारी १२:४०

लॉकच्या ओळीपुढे बाबांनी तेव्हाच हॅशचं (#) चिन्ह टाकून ती बंद करून ठेवलीय. लॉगमध्ये आकडा १९.

पण नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच आहेत, मी अक्षर अक्षर जुळवलं. बाबांचा जुना पासवर्ड केपीपीपीने साठवून ठेवला होता, चांदण्यांच्या रूपात. तो केपीपीपीआरसी फाइलीत उघडउघड लिहिलेला सापडला. आमच्या तेव्हाच्या गाईचं नाव, मग एक आकडा, मग हॅश. तोच मी लॅपटॉपवर टाकला.

पेडण्याचा_पोर | गुरुवार, दुपारी १२:५२

हॅश! सीक्रेट्सच्या फाइलीत हॅशपासून पुढचं सगळं टिप्पणी समजून सोडून देतात. लॅपटॉपला फक्त गाय आणि आकडा कळतोय. पासवर्ड अवतरणचिन्हांत घाल.

चैती_सत्तरी | गुरुवार, दुपारी १:१५

गाय आत आली. कनेक्ट झालं, केपीपीपी पॅनलवर जाऊन बसलं, घड्याळ पुढे सरकतंय.

पण कॉन्करर, इथला ब्राउझर, उघडून काहीही टाकलं तरी "अननोन होस्ट". लॅपटॉपला आकड्याने पिंग जातं, नावाने नाही.

तारवाला | गुरुवार, दुपारी १:४०

चौथा माणूस. जुन्या कंपनीचे डीएनएस आकडे केपीपीपीत हाताने लिहिलेले असतील. ते खोडून ऑटोमॅटिक कर. लॅपटॉपच्या पीपीपीडीला एमएस-डीएनएस म्हणून तुमच्या राउटरचा पत्ता सांगायला लाव.

बीएसडीवाला_मडगाव | गुरुवार, दुपारी १:४५

आणि लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग आणि मास्करेड (पाकिटं स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवणं) सुरू करा, नाहीतर पाकीट लॅपटॉपपर्यंत येऊन तिथेच बसेल. हे करूनही हल्लीच्या बहुतेक साइट उघडणार नाहीत, आधीच सांगतो. त्या टीएलएसच्या, म्हणजे कुलूपबंद जोडणीच्या, नव्या आवृत्त्यांशिवाय दार उघडत नाहीत, आणि २००२ च्या कॉन्कररला त्या माहीतच नाहीत. साधं एचटीटीपी पान हवं. नसेल तर लॅपटॉपवरच एक पान ठेवा.

माशेलकरीण | गुरुवार, संध्याकाळी ५:३०

मी ऑफिसातून हा धागा दर तासाला उघडून बघतेय. पुढे?

चैती_सत्तरी | गुरुवार, रात्री ११:२०

झालं.

साधं एचटीटीपी पान भाच्यानेच बनवलं. माटोळीचा फोटो आणि खाली प्रत्येक फळाचं नाव. फोटो मोबाइलमधून जसाच्या तसा टाकला, तीन एमबीचा. मग पंधरा मिनिटं आम्ही सगळे त्यासमोर बसलो. वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होता. आधी छपराची लाकडं, मग नारळाची पेंड, मग सुपारीचे घोस. घागऱ्यो आल्या तेव्हा आई म्हणाली, "अर्धी माटोळी आली, उरलेली उद्या." भाचा दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आला. कंटाळला म्हणावं तर जातही नव्हता.

मध्येच आईने स्वयंपाकघरातला २४ उचलला. माझ्या पोटात गोळा आला, पण काही तुटलं नाही. प्रत्येक फोनला पेटीपासून स्वतंत्र तार आहे ना. बाबांनी हे बघितलं आणि म्हणाले, "तेव्हा असं असतं तर अर्धी भांडणं वाचली असती."

केपीपीपीचा लॉग बघायचा वेगळा प्रोग्राम आहे, त्यात महिन्यावार नोंदी आहेत. बाबांनी पल्सच्या हिशेबाची नियमांची फाइलही स्वतः लिहिलेली, तीन मिनिटांचा एक पल्स. वही आणि लॉग शेजारी धरले तर मिनिटं जुळतात, एक रात्र सोडून. ती ५२ मिनिटांची "काही नाही" लॉगमध्ये ९४ आहे. बाबा म्हणाले, घड्याळ चुकलं असेल.

आजची नोंद लॉगने जानेवारी २००२ मध्ये टाकलीय, सगळ्यांच्या आधी. मदरबोर्डची बॅटरी मेलीय, त्यामुळे यंत्र दर वेळी तिथूनच सुरुवात करतं. वहीत मात्र बाबांनी आजची खरी तारीख घातली. लागले ९:०२, सुटले ९:३१, मिनिटे २९, पल्स १०. कारण: "फळे".

डिचोलीकर | गुरुवार, रात्री ११:२८

९४ मिनिटं काय बघत होते ते विचार.

चैती_सत्तरी | गुरुवार, रात्री ११:३१

विचारलं. कर्नलचा पॅच उतरवत होते म्हणे. आई हसतेय.

तारवाला | गुरुवार, रात्री ११:४४

बरं झालं, बाय. त्या बॅटरीवर सीआर२०३२ लिहिलेलं असेल, घड्याळाच्या दुकानात मिळते.

इकडे फोंड्याला गडगडायला लागलंय, ढग तुमच्याकडून येतायत. पेटीला बाहेरची लाइन नाही, पण फायबरच्या राउटरची वीज आणि पेटीची वीज एकाच बोर्डावर असेल. काढून ठेव.

चैती_सत्तरी | गुरुवार, रात्री ११:४९

बाबांनी आधीच काढली. फोनची पिनसुद्धा, जी कुठेच जात नाही.